खिडकीच्या आधीचा शब्द

बेसा, नागपूर
वैशाखातली दुपार

प्रिय मिनल,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. पत्र कसं सुरू करायचं ते शाळेत शिकलो आणि ते हाताला चिकटून राहिलं, एरवी आज तो शब्द लिहावा अशी माझी मनःस्थिती नाही. मला तुझा राग आला आहे. रामदासपेठेतल्या त्या चित्रांच्या गॅलरीतून परतलो तेव्हापासून आला आहे आणि रोज जेवताना पोळीबरोबर गिळतो आहे. फोनवर बोललो असतो, पण फोन वाजला की तुझी आई आधी उचलते आणि स्पीकर लावते. या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्यापासून लपून रागवायलाही जागा नाही. आत्ता ती खाली यमुताईंकडे पापड लाटायला गेली आहे. तेवढ्यात लिहून टाकतो.

त्या दिवशी तू आम्हाला दारातच भेटलीस. ‘बघून घ्या हं, मी आलेच,’ म्हणालीस आणि पाहुण्यांत गेलीस ती गेलीसच. त्याचा राग नाही. तुझा मान होता, तुझी गर्दी होती. तुझ्या आईने मोरपंखी साडी नेसली होती, चपला दाराशी काढायच्या की आत न्यायच्या यावर माझ्याशी वाद घातला होता, आणि शेवटी चपला घालून पण पाय न वाजवता ती आत आली. मी एकेक चित्रकाराच्या नावाखाली भिंतीवर लावलेला मजकूर वाचत फिरलो. मला अमूर्त चित्रातलं फार कळत नाही, पण ते सुचतं कुठून, हे वाचायला आवडलं. कुणा एकाने लिहिलं होतं की त्याच्या वडिलांच्या जिनिंगमध्ये उन्हाच्या तिरिपेत कापसाची धूळ तरंगायची, तो अजून तीच रंगवतो. एका बाईंनी लिहिलं होतं की जुने एक्स-रे उजेडाला धरून पाहिले की त्यांना चित्र दिसायला लागतं. मी त्यांच्या चित्रांपुढे परत जाऊन उभा राहिलो, आणि खरंच, धूळ दिसली, हाडांमागचा उजेड दिसला. माणसाने साधं खरं सांगितलं की म्हाताऱ्यालाही अमूर्त कळतं.

मग तुझी भिंत आली. पांढऱ्यावर पांढरं, करड्यावर करडं, मध्येच आकार सुरू होतो आणि पूर्ण व्हायच्या आत विरून जातो. चित्रं सुंदर आहेत, मिनू. राग आला असला तरी हे खोटं कसं लिहू. मी बराच वेळ तिथे उभा होतो आणि मला काहीतरी ओळखीचं वाटत होतं. मग मी तुझा मजकूर वाचला. जपानमधल्या बागा, कच्छचं रण, शांततेचा शोध, इथवर ठीक. शेवटी तू लिहिलं आहेस की ज्या घरात कुणी बोलत नसे, अशा काळोख्या घरात तू वाढलीस. आणि मग ते वाक्य. माझी आई म्हणजे एक बंद खिडकी होती.

शाबास. इंग्रजीत ते वाक्य फार छान वाजतं. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ते मोबाइलमध्ये टिपूनही घेतलं.

तेवढ्यात तुझी आई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि त्या मजकुराकडे बोट करून म्हणाली, “काय लिहिलं हो पोरीनं? मले वाचून सांगा न.” मी जपानबद्दल सांगितलं, रणाबद्दल सांगितलं. “आन् खाली काय हाय? तिथं ‘मदर’ लिहिलं हाय, तेवढं मले वाचता येते.” तिने ते एवढ्या इंग्रजीतून बरोबर हुडकून काढलं होतं. मी म्हणालो, लिहिलं आहे, माझी आई म्हणजे एक खिडकी होती.

तुझा बाप अडतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. कंपोझिंगमध्ये सुटलेले शब्द हुडकून जागच्या जागी बसवायचे, एवढंच काम जन्मभर केलं. संपादकांपासून मंत्र्यांपर्यंत कुणाचाही शब्द माझ्या हातून गळला नाही. त्या दिवशी मी समजून उमजून एक शब्द गाळला, आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटत नाही.

आता घराचं बोलू. महालातल्या आपल्या भाड्याच्या त्या दोन खोल्या. मला कायम रातपाळी. डाक आवृत्ती, शहर आवृत्ती, सगळी पानं मशीनवर चढली की पहाटे सायकल हाणत यायचो, दूधवाल्याच्या आगेमागे. जेवून दिवसा झोपायचो. मी दिवसा झोपायचो कारण रात्री जागायचो, आणि त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही. पण बाळा, नागपुरात वैशाखात खिडकी काहून बंद असते, हे तू कच्छच्या रणात जाऊन विसरलीस काय? मुंबईच्या माणसाला बंद खिडकी म्हणजे मनाची घुसमट वाटेल. आपल्याकडे दहा वाजल्यानंतर जी बाई खिडकी उघडी टाकते, तिला सासू विचारते, पोरीला भाजून काढायचं हाय काय. तुझी आई खिडक्या लावायची, त्यांवर चादरी ओल्या करून टांगायची, अन् त्या वाळल्या की पुन्हा बादलीत बुचकळायची. दुपारभर हेच. कूलर शेजाऱ्यांकडे होता. आपल्याकडे वच्छला होती.

आणि ती बोलत नसे? वच्छला? भाजीवाल्याशी मेथीच्या एका जुडीवरून जिची बडबड गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची, जिला नागपंचमीच्या गाण्यांना शेजारणी ओढून न्यायच्या, ती दुपारी बोलत नसे, कारण मी झोपलेलो असायचो. तुझा आवाज चढला की ती ओठावर बोट ठेवून पुटपुटायची, “हळू वं, बाबा झोपून राहिले न.” आणि मग तू रुसायचीस, आणि मग ती तुला खेळवायची, न बोलता. कसं खेळवायची, आठवतं? आठवायला पाहिजे, कारण रामदासपेठेतल्या त्या भिंतीवर तेच टांगलेलं होतं.

चादरींचं पाणी थेंबथेंब शहाबादी फरशीवर पडायचं. ती त्यात बोट बुडवायची आणि करड्या फरशीवर काढायला लागायची. हत्ती. दुपारच्या झळांनी फरशी एवढी तापलेली की सोंडेपर्यंत येईतो मागचे पाय उडून गेलेले. मग तू काढायचीस, तुझंही उडायचं. अर्धा मोर, पाऊण बैलगाडी, नुसतं एक वळण. पूर्ण कधीच काही झालं नाही, आणि तुम्ही दोघी तोंडात पदर आणि फ्रॉक कोंबून हसायचात. तू समजायचीस मी झोपलो आहे. कसली झोप, उकाड्याने घामाघूम मी भिंतीकडे पाठ करून पडलेलो असायचो, डोळे किलकिले करून. शाळेत पाठ केलेल्या कविता मनातल्या मनात म्हणत पडणं ही माझी जुनी खोड, चौथीपासूनची. त्या कवितांतली आई नेहमी ओसरीवर वाट पाहत उभी असते, नाहीतर सांजवात लावत असते. फरशीवर पाण्याने हत्ती काढून तो उडताना बघणारी आई कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हती. मला तेव्हा वाटायचं, ही कविता कुणीतरी लिहायला हवी. मला काही ती जमली नाही. तुला जमली आहे, रंगांत जमली आहे, आणि तिच्याखाली तू जपानचं नाव टाकलंस.

आणि त्याच भिंतीवरचं ते एकुलतं लाल चित्र. पांढऱ्यातून खाली ओघळणारा लाल रंग. तुझ्या त्या समीक्षकांनी त्याला जखम म्हटलं आहे, घराच्या आतली जखम. तू ते खोडून काढलं नाहीस. मिनल, ती जखम नाही, ती चादर आहे. तुझ्या मामाने आणून दिलेली नवी लाल सोलापुरी चादर तुझ्या आईने घाईत पांढऱ्या चादरीच्या वर टांगली आणि तिचा रंग सुटला. पांढऱ्यावर लाल ओघळ, फरशीवर लाल थारोळं, तुझे पाय लाल, तिचे हात लाल. त्या दिवशी मला खरोखर झोप लागली होती. जागा झालो तो तुझ्या टाळ्यांनी. तुझी आजी दारातून करवादली, “अवं वच्छले, घरात कापाकापी झाली काय?” आणि तुझी आई पहिल्यांदा माझ्या झोपेची पर्वा न करता खदखदून हसली. हसता हसता खाली बसली. हे तू कसं विसरू शकतेस? की विसरली नाहीस, हसण्यापेक्षा जखम भिंतीवर बरी दिसते म्हणून तसंच राहू दिलंस? दुसरं खरं असेल तर मला तुझ्याशी फार बोलायचं नाही.

तू म्हणशील, बाबा, आठवण माझी आहे, मला ती कशी दिसली तशी मी लिहिली. मान्य. पोरीला दुपारचा अंधार दिसला, आई गप्प दिसली. पण आता तू पाच वर्षांची नाहीस. आई गप्प का, हे विचारायला तुझ्याकडे इतकी वर्षं होती, आणि तुझ्या आईकडे तर ‘काहून’ हा शब्द इतका वापरात आहे की तुला तो दुधाबरोबर मिळाला असेल. तो एकदा तरी तिच्याकडेच वळवून बघायचा होतास.

इथे काय चाललं आहे तेही ऐक. त्या दिवसापासून तुझी आई खिडकी झाली आहे. यमुताईंना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, देवळातल्या बायांना सांगून झालं. “मायी पोरगी म्हणते, मी खिडकी आहो. तिले सगळं जग माझ्यातून दिसलं म्हणते.” हे दुसरं वाक्य तिचं स्वतःचं आहे, मी नाही पढवलं. यमुताई म्हणाल्या, “मंग आमी काय दरवाजे हावो काय वं?” तर ही म्हणाली, तुमच्या पोरीनं चित्र काढलं का? आणि संध्याकाळी ऊन उतरलं की ती आमच्या हॉलची खिडकी उघडते आणि तिथे खुर्ची टाकून बसते, जरा ताठ. मला ते बघवत नाही. बघितल्यावाचून राहवतही नाही.

आता हे पत्र आज काहून लिहितो आहे ते सांगतो. आमच्या वर्तमानपत्रातल्या जितेंद्रने तुझ्यावर रविवारच्या पुरवणीत पान केलं आहे. तुझ्या इंग्रजी मजकुराचं त्याने मराठी केलं आणि जुन्या ओळखीने प्रूफ माझ्याकडे पाठवलं, सर, एकदा नजर टाका म्हणून. मराठी आहे, तुझी आई स्वतः वाचणार. तिने पेपरवाल्याला जास्तीचा अंक सांगून ठेवला आहे, चष्मा पुसून ठेवला आहे. शेवटच्या परिच्छेदात ठळक अक्षरांत तो शब्द बसला आहे, खिडकीच्या आधी, जिथून मी तो उचलला होता तिथेच. मी लाल पेन घेऊन बसलो. एक आडवी रेघ आणि काम संपलं असतं. पण लेखकाचा शब्द मुद्रितशोधकाने खोडायचा नसतो, फक्त समासात प्रश्नचिन्ह करायचं असतं, आणि उत्तर लेखकाने द्यायचं असतं. ते प्रूफ सोबत पाठवतो आहे. मी प्रश्नचिन्ह केलं आहे. शुक्रवारपर्यंत जितेंद्रला कळव. शब्द काढायचा तर काढ. ठेवायचाच असेल तर त्याच्यापुढे एवढं लिही, की बंद होती कारण आत बाप झोपलेला असे, आणि ती उघडायची फरशीवर. मग मी शब्द गाळला होता हे कळून तुझी आई दारं-खिडक्या आपटत चार दिवस माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. नाहीतर रविवारी सकाळी ती बोट ठेवून वाचत त्या ओळीपर्यंत येईल आणि मान वर करून माझ्याकडे बघेल, आणि तिला वाचून दाखवायला माझ्याकडे दुसरी ओळ नाही.

त्या हत्तींच्या दुपारी जागा असलेला,
तुझाच
बाबा