एक्केचाळिसाव्या सेकंदापासून पुढे

मी, खंडेराव रामजी वाघोले, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार सरावली, बोईसर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाविषयी डॉक्टरांचे मत तितके चांगले नाही. येत्या चोवीस तारखेला ते मुंबईत उघडून पाहणार आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर ते अपुरे ठरले असते, कारण खाली कलम सहामध्ये जे लिहिले आहे ते मला गेल्या महिन्यापर्यंत पुरते माहीत नव्हते.

माझी पत्नी सौ. सुगंधा सन १९८८ मध्ये कावीळ होऊन वारली. आम्हांस मूलबाळ नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे शेजारी श्री. बन्सी धर्माजी संखे यांनी करावी. बन्सी फिटर आहेत. जे काम हातात घेतात ते पुरे करतात, फक्त सांगितलेल्या दिवशी नाही.

कलम १. सरावलीतील माझे दोन खोल्यांचे घर, भांडीकुंडी व मागच्या शेवग्यासह, नवसी जिवल्या वरठा, राहणार मासवण, हिला द्यावे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत टेपरेकॉर्डर जोडण्याचा एक कारखाना होता. तिथे नवसी सात वर्षे सुगंधाच्या शेजारच्या स्टुलावर बसत होती. कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून नवसी दर वर्षी दिवाळी झाली की घरदार डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जाते. हे घर मिळाल्यावर तिने जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. अट नाही. तिला अटी घालण्याचा अधिकार मला उरलेला नाही, हे पुढे कळेल.

कलम २. माझे वडील बंधू बळवंतराव, राहणार सातारा, यांना तांब्याचा मोठा तांब्या द्यावा. सुगंधा कारखान्यात जाऊ लागली त्या वर्षी ते आमच्याकडे आले होते. "वाघोल्यांच्या सुना भोंग्यावर जात नाहीत," असे म्हणून त्यांनी याच तांब्यातले पाणी नाकारले व स्टेशनवर जाऊन चहा घेतला. तांब्या घासून ठेवला आहे. सोबत चिठ्ठी नको. ते समजतील; न समजल्यास तांब्या तरी चांगला आहे.

कलम ३. माझी संस्कृत पुस्तके शाळेला. ज्यांच्या समासात मी मूळ लेखकाच्या चुका दाखवल्या आहेत ती आधी बाजूला काढावीत. त्यांपैकी निम्म्या चुका माझ्याच होत्या.

कलम ४. सुगंधाची हत्यारे, म्हणजे तारांच्या जोडांना डाग देण्याची इस्त्री, चिमटा व पाच बारीक पेचकस, नवसीला. सुगंधाच्या तिथल्या कामाची हकीगत सांगितल्याशिवाय पुढचे कलम उमगणार नाही.

कारखान्यात जोडून झालेले प्रत्येक यंत्र सुगंधाकडे तपासणीला येई. तपासणीची एक कॅसेट होती. मुंबईतल्या कोणा तरुणांच्या रॉक बँडच्या जाहीर कार्यक्रमात, गर्दीत बसून कोणी हौशी माणसाने गुपचूप टेप केलेला तो तुकडा होता. चाळीस सेकंदांचा. तोच तुकडा कॅसेटभर पुन्हा पुन्हा भरलेला, म्हणजे दर वेळी मागे फिरवायला नको. आधी एकटी गिटार, मग दुसरी तिच्यात मिसळते, मग ढोल उचल खातो, आणि ऐन उचलीला खटकन बंद. पुढचे यंत्र. पुन्हा पहिल्यापासून.

सुगंधाने ही चाळीस सेकंदे चार वर्षे ऐकली. एके दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "अवो, त्याच्या म्होरं काय असंल?"

मी म्हणालो, "कशाच्या?"

"चाळिसाच्या. रोज दाराशी नेत्यात नि दार लावून घेत्यात."

मला त्या गोंगाटात दार कुठे दिसत नव्हते. पण शंकेचे समाधान करणे हा माझा व्यवसाय असल्याने मी पत्र लिहिले.

कलम ५. माझ्या बासष्ट कॅसेटी व पत्रव्यवहाराच्या कार्बनप्रतींची वही श्री. डॉमनिक यांना. डॉमनिक मूळचे वसईचे. दर रविवारी दुपारी मुंबईच्या एका रेडिओ केंद्रावरून ते पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम सादर करतात. ज्या मैफलींची तबकडी कधी निघाली नाही, त्यांच्या श्रोत्यांनी चोरून केलेल्या टेपा ते लावतात. कोणाला प्रत हवी असल्यास कोरी कॅसेट व परतीचे टपाल पाठवायचे, विकायचे कधीच नाही, हा त्या मंडळींचा धर्म. शास्त्रात याला चौर्यच म्हणतील. पण इतके शिस्तबद्ध चोर मी दुसरे पाहिले नाहीत.

डॉमनिकना मी ती चाळीस सेकंदे पाठवली. त्यांनी बँड ओळखला, पण हे गाणे कधी तबकडीवर आलेच नव्हते. पुढचे ऐकायचे तर समोर जाऊन ऐका, असे त्यांनी कळवले, आणि माझे पत्र रेडिओवर वाचून दाखवले. मला ते 'पंडितजी' म्हणाले. बोईसरच्या बाजारात त्यानंतर आठवडाभर मी जरा सावकाश चाललो, लोकांना नीट दिसावे म्हणून. पुढे दर महिन्याला पत्र लिहू लागलो.

१६ डिसेंबर १९८४, रविवार, दुपारी चार वाजता मुंबईतल्या एका कॉलेजच्या मैदानावर त्या बँडचा कार्यक्रम होता. आम्ही दोघे गेलो. सुगंधाने टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत तळाशी ठेवला, त्यावर भाकऱ्या, त्यावर लसणीची चटणी. फाटकावरच्या रखवालदाराने विचारले, "इसमें क्या है?"

"भाकरी हाय. खाता का?"

त्याने एक खाल्ली व आम्हांस आत सोडले. तीन हजार पोरांत नऊवारी नेसलेली ती एकटी व टोपी घातलेला मी एकटा. ते गाणे शेवटून दुसरे झाले. आम्ही ते पूर्ण ऐकले व टेप केले.

बँडची परवानगी घेतली नव्हती म्हणून मागाहून मी त्यांना क्षमापत्र पाठवले. उत्तर आले, "काका, आमच्याकडे एकही टेप नाही. तुमच्याकडे तरी आहे." त्यांना प्रत मिळेल असे मी कळवले. ती डॉमनिकांकडून मिळाली, पण अपुरी. का, ते आता सांगतो.

कलम ६. त्या टेपेवर गाणे चालू असताना सुगंधा बोलली होती. अकरा सेकंद. मोठ्याने, मैदानात बोलतात तशी. घरी टेप ऐकली तेव्हा तिला हसू आवरेना. "बघा, माझाबी नंबर लागला गाण्यात." मी हसलो नाही. ही टेप डॉमनिक लावणार, माझे नाव घेणार, पंडितजींकडून आली म्हणणार, आणि त्यात ही ओरडणार. मला लाज वाटली.

घरात यंत्र एकच असल्याने प्रत काढता येईना. मूळ टेपच पाठवायची ठरवली. सोबतच्या पत्रात मी लिहिले: 'मध्यंतरी एका अडाणी बाईचे बोलणे आले आहे. रसभंग होतो. शक्य असल्यास तेवढे कापून काढावे.' कार्बनप्रत वहीत आहे. पान ७१. ते फाडू नये.

पाकीट नेहमीप्रमाणे सुगंधाजवळ टपालात टाकायला दिले.

१० फेब्रुवारी १९८५ रोजी कार्यक्रम लागला. सुगंधाने शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या, पोहे केले होते. गाणे सुरू झाले. ती जागा आली आणि गेली. गिटारीला एक बारीकसा आचका बसला, इतकेच. तिने माझ्याकडे पाहिले.

"माझं बोलणं कुठं गेलं वो?"

मी म्हणालो, "रेडिओवाल्यांनी काढलं असेल. त्यांचे नियम असतात."

"व्हय का," ती म्हणाली आणि पोह्यांच्या बश्या उचलू लागली.

त्यानंतर तीन वर्षे ती माझ्या घरात होती. मी तिला खरे सांगितले नाही. विषय तिनेही काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो. टेप परत आली होती, चिकटपट्टीचा जोड दिलेली. सुगंधा गेल्यावर मी ती टेप कितीदा लावली याची गणती नाही. जोडापाशी आलो की थांबवत असे. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि होता तेवढा मी कापून घेतला होता. डॉमनिकांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी पंडिताची आज्ञा पाळली.

गेल्या महिन्यात, माझ्या दुखण्याची बातमी कळून, नवसी मासवणहून आली. पदराच्या गाठीतून तिने एक कॅसेट काढून खाटेवर ठेवली.

"ही बाईची. ठेवाया दिलेली."

"कधी?"

"मरायच्या आधी. बोलली, मास्तर इचारतील तवा दे. तुमी इचारलाच नाय. सा वरसं झाली. आता तुमी जाल नि ही माझ्याकंच राहील, म्हणून आणली."

मग तिने सांगितले ते असे. पाकीट घेऊन सुगंधा त्या दिवशी थेट टपालात गेली नाही. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिने ते उघडले. "चिठ्ठी वाचली. मलाबी वाचून दावली. मी बोललू, अडाणी बाई म्हंजी कोन गं? तर हसली. मग डबा तसाच मिटला, खाल्ला नाय." दुसऱ्या दिवशी दोन यंत्रे तारेने जोडून तिने पूर्ण टेपेची प्रत काढली. तिसऱ्या दिवशी पाकीट पुन्हा चिकटवून टपालात टाकले.

म्हणजे पोह्यांच्या दिवशी तिने मला विचारले, तेव्हा तिला सगळे ठाऊक होते. ती मला खरे बोलायला जागा करून देत होती. मी ती घेतली नाही.

नवसी आणखी म्हणाली की तपासणीची जुनी कॅसेट झिजली तेव्हा सुगंधाने नवी भरली, ती एक्केचाळिसाव्या सेकंदापासून पुढची. "दोन वरस लाइनवर बाईचाच आवाज. सायबाला समजला नाय. त्याला वाटला, गान्यातलाच हाय." आमच्या शाळेने त्याच कारखान्याचा टेपरेकॉर्डर १९८६ साली घेतला. मी त्यावर मुलांचे स्तोत्रपठण टेप करीत असे व उच्चार सुधारीत असे. त्या यंत्रातून पहिला आवाज निघाला तो तिचा होता.

कॅसेट मी एकदाच ऐकली आहे. गिटार येते, दुसरी मिसळते, ढोल उचल खातो, आणि सुगंधा ओरडते, "आता! आता म्होरचं! अवो, ऐका की!" मग दुसरा आवाज येतो. तो मी विसरलो होतो. "हळू बोल. लोक बघताहेत." तो माझा आहे. मग पुन्हा ती: "बघू द्या. त्यास्नी तरी कुठं ठावं हाय म्होरचं?" आणि ती हसते. अकरा सेकंद संपतात.

डॉमनिकांचा कार्यक्रम बंद होत आहे. शेवटचा भाग २७ मार्चला आहे. सबब माझी आज्ञा अशी: माझ्या निधनानंतर बन्सी यांनी ही कॅसेट हाताने मुंबईस न्यावी, टपालाने पाठवू नये. डॉमनिकांनी त्या दिवशी गाणे अखंड लावावे, काही कापू नये, खरखर स्वच्छ करू नये. आधी एवढेच सांगावे: बोलणारी बाई सुगंधा वाघोले, तिचे बोलणे पूर्वी कापायला तिच्या नवऱ्याने सांगितले होते, तिने विचारल्यावर तो खोटे बोलला. कॅसेट नंतर नवसीस परत द्यावी. बँडच्या मुलांना पूर्ण प्रत द्यावी. मागेल त्या श्रोत्याला प्रत द्यावी, त्या मंडळींच्या धर्माप्रमाणे.

दुरुस्ती. वरील मजकूर आज दुपारी नवसीला वाचून दाखवला. घराचे ऐकून ती मागचा शेवगा बघून आली. कलम सहा ऐकून म्हणाली, "मेल्यावर कशाला, मास्तर? तुमचं पाय हायेत ना अजून?"

मी म्हणालो, "डॉक्टरांनी फिरायला मनाई केली आहे."

"बाईनं तुमालाच इचारलेला. बन्सीला नाय इचारलेला."

बन्सी हजर होते. त्यांनी मान खाली घातली, पण हसले असावेत.

सबब कलम सहामधील 'माझ्या निधनानंतर बन्सी यांनी' हे शब्द मी खोडले असून तेथे 'परवा शनिवारी मी स्वतः' असे वाचावे. डॉमनिकांनी सांगायचे ते त्यांनी सांगू नये. मी तेथेच माझ्या आवाजात टेप करून देईन. खाडाखोड माझ्या हातची आहे व तिच्यावर माझी सही आहे. २७ मार्चपर्यंत मी राहिलो तर रेडिओ माझ्या दारात लावीन. न राहिलो तर तो नवसीच्या दारात लागेल. दार एकच आहे.

हे मृत्युपत्र मी शुद्धीवर लिहिले, वाचले व खालील दोघांसमक्ष सही केले. त्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

(सही) खंडेराव रामजी वाघोले

साक्षीदार:
१. (सही) शिवाजी महादू पिंपळे, शिक्षक, बोईसर
२. (सही) जमना हरेश्वर राऊत, मुख्याध्यापिका, पालघर

वाचून दाखविताना हजर: नवसी जिवल्या वरठा. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून तिची सही घेतलेली नाही. शनिवारी ती सोबत येणार आहे. भाकऱ्या ती आणणार आहे.

स्थळ: सरावली, बोईसर
दिनांक: १७ फेब्रुवारी १९९४, गुरुवार