डबाभर अळ्या

३ सप्टें. ८५
कोरपन्याजवळ शेवंताबाईंचं वावर. तीन एकर पराटी, म्हणजे कापूस, मावा किडीनं पानं चिकट. पानांमागं काळ्या काटेरी अळ्याही दिसल्या. मी शेतीखात्याचा माणूस; म्हटलं, वेचा आणि घासलेटाच्या पाण्यात टाका. बायांनी पूर्वेकडून अर्धं वावर वेचलं, डबा भरला. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

५ सप्टें.
चंद्रपूरला ट्रेनिंग. सरांनी काचेच्या नळीत तीच अळी दाखवली. लाल ठिपकेवाल्या ढालकिड्याची पोर, कापसाची मैत्रीण! समोर मावा टाकला, तर एकेक उचलून फस्त. तांदळाएवढा जीव, थांबायचं नावच नाही. डोळे फाडून पाहत राहिलो. मग डबा आठवला.

६ सप्टें.
सायकलनं थेट वावरात. सांगून टाकलं, चूक माझी. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मंग आमी आपलेच राखणदार मारले का, भाऊ?"
त्यांचा दीर पंप घेऊन तयार. फवारलं तर उरलेल्या अळ्याही जाणार. आठ दिवस मागितले. पीक गेलं तर बाईंचं वर्ष गेलं, तरी मागितले.
बाई म्हणाल्या, "देतो. पन रोज येऊन दाखवा लागन."

९ सप्टें.
भिंग घेऊन बसलो. एक मावा फुगून तपकिरी, नुसतं टरफल. पाठीवर गोल झाकण उघडलं, आतून माशी निघाली. टाचणीच्या डोक्याहून लहान! पंख झटकले, गेली. हीही माव्याला आतून खाणारी, आपलीच राखणदार. दहा वर्षं पराटीत फिरतोय, हे कधी पाहिलंच नाही. लाज वाटली, आनंदही. बाई भिंग परत देईनात.
"अगो माय, पोटातून निंगाली!"

१२ सप्टें.
न वेचलेल्या पश्चिम बाजूचा मावा जवळजवळ साफ. औषधाचा थेंब नाही. पूर्वेला मावा वाढतोच आहे. माझं अज्ञान वावराच्या कडेच्या धुऱ्यावरूनही दिसतं.

१३ सप्टें.
उद्या मुदत संपते. पोचलो तर बाई पश्चिमेची अळ्यांसकट पानं लुगड्याच्या ओट्यात आणून पूर्वेच्या झाडांवर अडकवून राहिलेल्या. कोणी शिकवलं? कोणीच नाही. मला तर सुचलंही नव्हतं. थक्क झालो. दीर धुऱ्यावर, पाठीवर भरलेला पंप.
"भाऊ, पुरतीन का ह्या?"
"माहीत नाही, बाई."
नोकरी लागल्यापासून हे शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाले.
बाई दिराकडं वळल्या. "पंप ठेव खाली. पानं तोडाले लाग."
तो हलेना. मी पानं तोडायला लागलो.