उपाशी डोकं शांत असतं

१७ जानेवारी १९९६

हेमा कॉलेजच्या लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. मला फॅक्टरीत फोन आला, तसाच रिक्षा करून गेलो. बाकावर बसलेली, ओठ पांढरे. "काही नाही बाबा, सकाळी घाईत खायचं राहिलं." अकरावी सायन्स, क्लास, प्रॅक्टिकल - होतं असं. येताना टॉनिक आणलं. ठणठणीत होईल.

२ फेब्रुवारी

टॉनिकची बाटली तशीच. मंजुळा म्हणते, आपली मुलगी जेवतच नाही. पोळीचे तुकडे करते, ताटभर फिरवते आणि पोट भरलं म्हणून उठते. आम्हाला मात्र आग्रह करकरून वाढते. दिवाळीपासून चाललंय म्हणे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. टीबी नाही, कावीळ नाही. "वयाचा हट्ट आहे, दोन रट्टे द्या." रट्टे देणार नाही. कारण शोधणार. डोंबिवलीत रंगाच्या फॅक्टरीत आयुष्य गेलं - रिअ‍ॅक्टरमधली बॅच बिघडली की कारण असतंच, आणि ते मला सापडतंच.

११ फेब्रुवारी

कुणी जाडी म्हणून चिडवलं का? मुलाबिलाचं काही? तिच्या मैत्रिणींना विचारून झालं. काही नाही. शेवटी तिलाच समोर बसवलं आणि एकेक प्रश्न विचारत गेलो. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बाबा, मी रिअ‍ॅक्टर नाहीये." उठून आत गेली.

मंजुळा आधी हसली, मग रडायला लागली.

२६ फेब्रुवारी

ठाण्याला नौपाड्यात डॉ. वर्तक म्हणून मनोविकारांच्या डॉक्टर आहेत. मंजुळाचा विरोध - "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं हे कळलं तर हिचं लग्न कसं व्हायचं?" म्हटलं, आधी जगू दे तिला. गेलो.

बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं, हेमाशी एकटीशी बोलल्या. मग मला आत बोलावलं. "हा हट्ट नाही. आजार आहे. तिने ठरवून केलेला नाही, आणि तुम्हीही नाही."

कागदावर दोन पेशी काढल्या, मधे फट. त्या फटीतून निरोप नेणारं रसायन - सेरोटोनिन. ज्याच्यापासून ते बनतं तो पदार्थ शरीर तयार करत नाही, अन्नातूनच यावा लागतो. काही मुलं मुळात धास्तावलेली असतात. न खाल्लं की हे रसायन कमी होतं आणि त्यांना उलट बरं वाटतं. मग तीच चटक लागते. "काही संशोधकांना असं वाटतं. अजून पक्कं नाही," असंही म्हणाल्या. हे मला आवडलं. पक्कं नसलेलं पक्कं म्हणून सांगणारे फार भेटलेत. पुढे म्हणाल्या, उपासमारीने मेंदूच हट्टी होतो, अन्नाची भीती आणखी वाढते.

"म्हणजे रिअ‍ॅक्शन स्वतःच स्वतःला पेटवत जाते."

"अगदी तसंच."

म्हटलं, मग गोळी द्या. "गोळी नंतर बघू. उपाशी मेंदूवर ती फारशी चालत नाही. आधी अन्न. अन्न हेच औषध."

कच्चा मालच नाही तर माल कुठून निघणार? लगेच पटलं. आता हे काम होणार.

५ मार्च

हेमाला ठाण्यात अ‍ॅडमिट केलं. नाडी फार मंद झालेली. मला वाटलेलं, आता भरपूर खायला घालायचं. डॉक्टर म्हणाल्या, एकदम नाही - रक्तातले क्षार बिघडतात, हृदयावर येतं. हळूहळू वाढवायचं. बरोबर आहे. घाईने तापवलं की आमच्याकडेही झाकण उडतं.

संध्याकाळी तिने दुधाचा ग्लास भिंतीवर फेकला. "तुम्ही मला मारताय." रागावायचं नाही आणि मागेही हटायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं. काचा उचलल्या. दुसरा ग्लास भरून आणला.

९ मार्च

आज दूध प्यायली. रडत रडत. पण प्यायली.

२४ मार्च

घरी आणलं. गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसली. मी काही विचारलं नव्हतं.

"कुणी काही बोललं नव्हतं बाबा. लहानपणापासून डोक्यात नुसता कलकलाट असायचा. एकदा दिवसभर खाल्लं नाही तर तो थांबला. उपाशी डोकं शांत असतं."

"आणि आता?"

"आता परत चालू झालाय. पण जेवते ना मी."

इतकं धाडस मला कधी जमलं नसतं. तिला म्हटलं नाही. इथे लिहितोय.

२१ एप्रिल

आता गोळी सुरू आहे. आज जेवताना सुरमईच्या तुकडीवरून माझ्याशी भांडली - मोठी तिला हवी होती. मंजुळा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. डॉक्टर म्हणतात अजून वर्ष-दीड वर्ष सांभाळायचं, मधेच घसरेलही. घसरू दे. आम्ही आहोत.

१८ मे

आई गावाहून आली, आंब्यांची पेटी घेऊन. तिला सगळं नीट सांगितलं. दोन पेशी, फट, सगळं काढून दाखवलं. चांगलं जमलं मला समजावणं. हेमा आमरस खाईपर्यंत आई तिच्या शेजारी बसून राहिली, तिच्या ताटाकडे बघत.

१९ मे

शेवंतीताई, माझी मोठी बहीण. मी चार वर्षांचा असताना गेली. तापाने गेली, एवढंच मला माहीत.

सकाळी आई म्हणाली, "ताप नव्हता रे सहदेव. उपास करायची. आधी सोमवार, मग गुरुवार, मग रोजच. हेमाएवढीच होती. देवाचं काहीतरी आहे म्हणून लोक पाया पडायचे तिच्या. मीसुद्धा पडले. आजार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मांडीवर घेऊन भरवलं असतं मी तिला."