पट्ट्यातला भुंगेरा

ता. १२, मंगळवार

चि. पोरीस,

आत्याचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, म्हणजे ठीकच असेल असं धरून चालते. लांबण लावत नाही, हात दुखतो.

नांगरट झाली. तुझा गवताचा पट्टा तसाच राहिलाय. ट्रॅक्टर बिघडला म्हणून राहिला, लगेच उड्या मारू नकोस.

पंपाची मोटर बदलली. मांजरीला पिल्लं झाली, तुझ्या खोलीत, तुझ्या पुस्तकांच्या खोक्यात. मी हलवली नाहीत.

बरं, ट्रॅक्टर बिघडला नव्हता. उगाच खोटं कशाला. तुझा बाप आडवा आला. गेल्या वर्षी ज्यानं न विचारता तुझा जपलेला पट्टा नांगरला, आणि ज्याच्याशी तू तेव्हापासून एक शब्द बोलली नाहीस, तोच. या खेपेला ट्रॅक्टरवर भाड्याचा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "काका, हे गवत कुणासाठी ठेवताय? किडे पाळताय का?"

"पाळतोय. तुला चावले का?"

ड्रायव्हर हसला. शेजारचेही हसले. हसू देत.

मग तुझ्या बापानं तुझ्यासारखे प्लास्टिकचे पेले मातीत पुरायचं काढलं. तू सांगायचीस ना, जमिनीवरून चालणारा किडा त्यात पडतो, सकाळी बघायचं कोण कोण आलं. नांगरलं की त्यांची बिळं मोडतात, अंडी उन्हात येतात, मग कितीतरी जातीचे दिसेनासे होतात. मला ते चोचले वाटायचे. अजून वाटतात. पण ह्यानं पुरले, काही नांगरलेल्यात, काही तुझ्या पट्ट्यात. रोज सकाळी जाऊन आत बोटं घालायचा. इकडे रिकामे, तिकडेही रिकामे.

एक दिवस चहा घेऊन गेले तर बांधावर बसलेला. "ताई, एकही उरला नाही गं. मीच संपवले सगळे. पोरगी उगाच नाही गेली."

मी वाकून बघितलं. पेल्याचा काठ मातीच्या बोटभर वर! किडा पडेल कसा? वळसा घालून जाईल की. म्हटलं, "अरे शहाण्या, काठ वर आलाय. दिसत नाही का?"

तो समोरच बघत बसला.

"दिसत नाही का तुला?"

तेव्हा त्यानं काठ चाचपला. मान वळवली नाही, नुसता हात फिरवला.

ड्रायव्हर का लागला ते आता कळलं तुला. मलाही तेव्हाच कळलं. डॉक्टरकडे नेऊन आणला. डोळ्याची नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाही. थेंब घालतेय. "पोरीला कळवू नकोस, दयेनं येईल," म्हणतो. रागानं जाता येतं, मग दयेनं यायला काय झालं? मला ही नाटकं झेपत नाहीत. दमले मी. शेत, घर, थेंब, आणि वर तुमच्या दोघांचा अबोला.

पेले मी टाचेनं दाबून मातीच्या बरोबरीला बसवले. दुसऱ्या सकाळी नांगरलेल्यात नुसत्या मुंग्या. तुझ्या पट्ट्यात कोळी, एक गोम आणि एक मोठा काळा भुंगेरा, पाठीवर रेघा असलेला. तो त्यानं मारू दिला नाही. बरणीत माती घालून ठेवलाय, तोंडाला फडकं. उठला की बरणी कानाला लावतो. पाय काचेला घासले की खरखर येते म्हणे. मला नाही येत ऐकू. "कोणता असेल गं?" विचारतो. काळा, म्हणते मी. दुसरं काय सांगू? "तिला नाव माहीत असेल," म्हणतो आणि बरणी मांडीवर घेऊन बसतो.

कालपासून खरखर येत नाही म्हणतोय. मी बघते आणि "हलतोय की" म्हणते. खरंच हलतोय का, ते मी लिहीत नाही. तू येऊन बघ, आणि काय असेल ते तूच त्याला सांग.

वाट तो बघतोय. सही मी करतेय.

आत्या