आठव्या सिलिंडरमधला खोकला

६ ऑक्टोबर २०२५
कोळार औद्योगिक वसाहतीतील बारदानाच्या गोदामात आज सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. स्वागत उत्तम झाले. पोती शिवणाऱ्या निलम्मांनी सुशील्याची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, ताटली पुढे केली आणि नौबादहून रोज येणं जमंल का, असे विचारले. भिंतीवर बारा अग्निशामक सिलिंडर आहेत. खंडेनवमीची विभूती व सुकलेले झेंडू अद्याप त्यांवर आहेत. पत्नीच्या निधनानंतर प्रथमच सकाळ लवकर उजाडली.

७ ऑक्टोबर
सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असणे म्हणजे आत वायूचा दाब असणे, इतकेच. आग विझवते ती पूड. वायू तिला केवळ बाहेर ढकलतो. पूड तळाशी थिजून दगड झाली, तर नुसता वायू फुसकतो. म्हणून दरमहा सिलिंडर उलटा करून पूड सरकल्याचा आवाज ऐकावा लागतो. मन्नाएखेळ्ळीच्या दुकानात आग लागली आणि नेत्रावतीने, माझ्या पत्नीने, दांडी दाबली तेव्हा वायूच सुटला. पुढे अकरा दिवस ती रुग्णालयात खोकत होती.
व्यवस्थापक श्री. मृत्युंजय म्हणाले, पूजेची वस्तू उलटी करत न्हाईत, सर. काटा हिरव्यात हाय की, कामून डोकं खायलाव?

९ ऑक्टोबर
तरीही उलटे केले. अकरांत पूड सरकली. आठव्यात कोणी तरी खोकले. निलम्मांनीही ऐकले, म्हणाल्या, अण्णा, आत बाई हाय. मी लाल रंग खरवडला. खाली जळका थर. त्याखाली मन्नाएखेळ्ळीच्या त्याच दुकानाचे नाव. मृत्युंजय निर्लज्जपणे सांगतो, भंगारातून आणलं, रंग दिला, त्यात काय झालं?

१० ऑक्टोबर
दिवसभर आतून ठोठावणे. खोकला तिचाच. सिलिंडर बदलण्याची लेखी मागणी केली. मृत्युंजयने त्या कागदावर चहाचा पेला ठेवला. उद्या सर्वांसमोर दांडी दाबीन.

११ ऑक्टोबर, सकाळी अकरा
मृत्युंजय हसला. दाबा सर, हौस फिटू द्या, म्हणाला. दाबली. पूड नाही, वायूही नाही. धूर — काळा, जळक्या केसांच्या वासाचा — दांडी सोडली तरी —

सव्वाअकरा
पोती शिवणाऱ्या बायका रस्त्यावर, सुखरूप. मृत्युंजय आत पडला आहे. मी दारात. त्याला ओढून काढणे माझे कर्तव्य — धुरातून ती बोलते आहे. शटर ओढा, म्हणते. नाही. हे न्याय्य नाही. तो अद्याप हाक मारतो — शटर अर्धे खाली आले. ओढतो आहे तो माझाच हात —