वीतभर टोक

दिझों, १३९७

चिरंजीव गियो,

निकोपोलिसच्या लढाईतून जिवानिशी सुटलेला तुझा सोबती पेरनो गेल्या महिन्यात दुकानात आला. अनवाणी होता. मी पायाचं माप घ्यायला बसलो, तर म्हणाला, "उस्ताद, टोक नको. गोल करा."

तू निघालास तेव्हा दिलेले बूट आठवतात? बुटाचं टोक जितकं लांब, तितका माणूस मोठा; सरदाराच्या चाकराला अर्ध्या वितीचं पुरे, असा नियम. मी चांगलं वीतभर काढलं, आत लोकर ठासली. तू म्हणालास, "बाबा, यात चालू कसा?" मी खेकसलो, "धर्मयुद्धाला घोड्यावरून जातात, गाढवा! मोच्याचं पोर म्हणून कुणी ओळखता कामा नये."

पेरनो सांगत होता, तुर्कांसमोर घोड्यावरून उतरून पायी लढायची पाळी आली, तेव्हा मोठमोठ्या सरदारांनीसुद्धा बुटांची टोकं कापून टाकली. ढीग पडला म्हणे. त्यानं सुरी तुझ्याही हातात दिली. तू ती परत केलीस. म्हणालास, "बाबांनी केलेत रे." मग चढावर तू तीनदा अडखळलास. तिसऱ्यांदा उठला नाहीस.

अरे, चामडंच होतं ते! दुसरे शिवले असते की मी.

तुझ्या आईनं विचारलं, पेरनो काय म्हणाला? माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरानं टोकं कापली आणि पळाला. पायी येतोय, वेळ लागेल."

तेव्हापासून ती तुझे जुने गोल बूट रोज तेल लावून उंबऱ्यापाशी ठेवते. मी ते ओलांडून दुकानात जातो.

तुझा बाप
मोनो