तितर ऐकला, दिसला नाही

९ नोव्हेंबर, रविवार
पहाटे उठलो. आई म्हणाली, "कॉलेजला जायचास तेव्हा नाही उठलास कधी असा!" दार आपटून निघालो. इंजिनिअरिंग मधेच सोडलं हे रोज एकदा तरी निघतंच.
सायली आमच्याच सोसायटीतली, सी विंग. एम.एस्सी. करते. रविवारी वारज्याच्या टेकडीवर पक्षी बघणाऱ्यांबरोबर जाते. मला बघून म्हणाली, "नक्की पक्षीच बघायला आलायस ना?" कान लाल.
ग्रुपचे म्होरके बापट काका, रिटायर्ड. "आपण सध्या काय करता?" "काही नाही." "वा. म्हणजे वेळ भरपूर." डोकं तापलं, पण सा. शेजारी होती.
थिरथिरा पाहिला. चिमणीएवढा, काळा, पोटाशी तांबूस, शेपूट सारखी थरथरत असते. हिमालयाकडून येतो म्हणे. आणि बसला कुठे, तर पाण्याच्या पाइपवर! याला वारजे कोण सांगतं?

१२, बुधवार
एकटाच गेलो. सा. नसताना. थिरथिरा त्याच पाइपवर. म्हणजे तोच का? कसं कळायचं?

१६, रविवार
भांडलो. अर्थात.
वरच्या वळणावर तितर ओरडला. लांबून, पण तितरच. मामाच्या शेतावर लहानपणापासून ऐकलाय. काका म्हणाले, "इथून तितर कधीच गेला. टॉवर आले, गवत गेलं, तोही गेला. दिसला का?"
"ऐकला."
यांचा नियम असा की, नुसता ऐकलेला पक्षी दोघांनी ऐकला असेल तरच नोंदवायचा. बाकी कोणीच ऐकला नव्हता. मी ओरडलो, "तुमचे कान म्हातारे झालेत!"
मग सा. म्हणाली, "काका, मी पण ऐकला. नोंदवा."
उतरताना विचारलं, खरंच ऐकलास? "नीट नाही. पण तू भांडखोर आहेस, खोटारडा नाहीस."
दिवसभर हेच वाक्य डोक्यात.

१८, मंगळवार
टेकडीवर तितर परतला ही बातमी सगळीकडे. कोथरूडचा एक ग्रुप रविवारी ऐकायला येणार. जागा सा. दाखवणार. काका पहिल्यांदाच तिच्यावर काही सोपवतायत. ती खूश आहे.

२०, गुरुवार
तितर बघायचाच म्हणून वळणावर जाऊन बसलो. आवाज आला. लांबून. हललो नाही. परत आला. आणि समोरच्या बाभळीवरच्या खाटीक पक्ष्याचा गळा हलला.
खाटीक! डोळ्यांवर काळी पट्टी, मोठ्या दिमाखात बसलेला. तितर काढला, मग खारीचा आवाज, मग कुत्र्याचं पिल्लू, परत तितर. आवाज लांबचा नव्हताच, बारीक होता. या एवढ्याशा गळ्यात अख्खी टेकडी! एकटाच मोठ्यांदा हसलो.
मग आठवलं. सा.

२१, शुक्रवार
नाही सांगितलं तर कोणाला कळणारे? रविवारी खाटीक ओरडेल, सगळे टाळ्या वाजवतील. सा. मात्र खोटी साक्ष देऊन बसेल, तीही माझ्यासाठी. मेसेज लिहिला, खोडला. लिहिला, खोडला.

२२, शनिवार
पार्किंगमध्ये सांगून टाकलं. ती पांढरीफटक. "न ऐकता 'ऐकला' म्हटलं मी. आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्यामुळे."
आणि मी काय म्हणावं? "मी सांगितलं होतं का म्हणायला?"
गाडी काढून गेली. मी एक नंबरचा गाढव. हे सोडून दुसरं काहीही म्हणता आलं असतं.
संध्याकाळी मेसेज. वाटलं, आता शिव्या. होतं एवढंच: "खाटीक तितराचा आवाज सलग काढत होता की मधेमधे?" लिहिलं, मधेमधे. बराच वेळ 'टायपिंग'. मग: "पण त्याने तितर ऐकला कुठे?"
जिन्यात बसूनच वाचला. परत परत.

२३, रविवार
सगळ्यांसमोर तिनेच सांगितलं. "मी ऐकला नव्हता. नोंद खोडा." कोथरूडवाले एकमेकांकडे बघायला लागले. माझं नावही घेतलं नाही तिने. मीच हात वर केला, खाटकाचं सांगितलं.
काका म्हणाले, "कान तरुण आहेत तुमचे. डोळे जरा उशिरा उठतात." उत्तर तोंडात होतं. गिळलं.
मग खाटकावरून वाद. सा.चं म्हणणं, तितर खडकवासल्याच्या बाजूला कुठेतरी असणार, खाटकाने आवाज तिथून उचलला. काका बराच वेळ बाभळीकडे बघत होते. "किंवा खाटकाला खाटकानेच शिकवला असेल. त्याला त्याच्या बापाने. तितर गेला, आवाज तेवढा राहिला."
निघताना सा. म्हणाली, "उद्या पलीकडच्या उतारावर जातेय. यायचं तर तोंड बंद." मला माफ केलं का, ते विचारायचं नाही असं ठरवलं. विचारलं तर भांडण होईल.

२४, सोमवार
पलीकडे अजून गवत आहे. बिल्डरचे पत्रे लागलेत, पण आत गवत आहे. सा. पुढे, मी मागे. तोंड बंद.
ऊन वर यायच्या आत आवाज आला. तितर. माझी बाही धरून तिने मला खाली बसवलं. मी झाड शोधलं, खाटीक शोधला. त्या उतारावर झाडच नाही, साधं झुडूपही नाही. आवाज जमिनीवरून येत होता.
खूप वेळ बसलो. दिसलं काहीच नाही.
"नोंदवायचा?" मी हळूच विचारलं. "दोघांनी ऐकलाय."
"थांब ना जरा," ती म्हणाली. बाही अजून सोडली नव्हती.